शोलावरमची धावपट्टी, मातीचे ट्रॅक आणि आरएक्स १००चं एक घासलेलं इंजिन

घोडबंदरकर
टेबलावर यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं एक इंजिन उघडून ठेवलंय. शर्यतीसाठी तयार केलेलं आहे हे उघड आहे, पण कुठल्या प्रकारच्या शर्यतीसाठी ते ठरत नाहीये. धावपट्टीवरच्या, की मातीवरच्या? गाडी रस्त्यावर काढायची नाही. इंजिन होतं तसं परत करून ठेवायचं आणि अधूनमधून स्टँडवर सुरू करायचं, एवढंच.

दिसतंय ते असं. एक्झॉस्ट पोर्टच्या (जळालेला वायू बाहेर जायचं तोंड) वरच्या कडेवर हाताने कानस चालवल्याच्या बारीक रेघा आहेत. डाव्या बाजूला कानस जास्त चाललीय, त्यामुळे कड किंचित तिरकी झालीय. ट्रान्सफर पोर्टना (ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये यायची तोंडं) कोणी हात लावलेला नाही, ओतीव कामाची मूळ खरखर तशीच आहे. बॅरलखाली (म्हणजे सिलिंडरखाली) १.२ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्या वरखाली कागदी पॅकिंग. कार्बोरेटर २४ मिमीचा. प्लग जुना मायकोचा, डब्ल्यू २४०. सायलेन्सरच्या जागी गॅस वेल्डिंगने जोडलेला पत्र्याचा फुगीर एक्झॉस्ट पाइप, म्हणजे चेंबर. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मूळपेक्षा ६ दातांनी मोठं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. शोलावरम, जुहू, मातीचे ट्रॅक, जे माहीत असेल ते तांत्रिक बाजूने लिहा. "काय दिवस होते ते" या चालीवरचे धागे पुष्कळ झालेत.

धुरकट
प्लगपासून सुरुवात करतो. मायकोच्या जुन्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. १७५ रोजच्या वापराचा, २२५ आणि २४० शर्यतीच्या बाजूचे. नंतरच्या बॉशच्या क्रमांकात हे उलटं झालं, तिथे लहान आकडा म्हणजे थंड प्लग. जुन्या नव्याची गल्लत करून कोणी गरम प्लग बसवला तर पिस्टनला भोक पडायला एक सरळ पट्टा पुरतो. २४० म्हणजे इंजिन बराच वेळ पूर्ण थ्रॉटलवर चालत होतं. हा कल धावपट्टीकडे जातो.

आता शोलावरम. मद्रासच्या उत्तरेला, दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३चा, आणि शोलावरमच्या शर्यती त्यानेच नावारूपाला आणल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथे इंजिनं ओरडत होती. मग क्लबचा स्वतःचा ट्रॅक मद्रासजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला १९९० साली सुरू झाला आणि धावपट्टीवरचा खेळ संपला. विजय मल्ल्यांनी एन्साइन ही फॉर्म्युला वनची गाडी पळवली ती शोलावरमलाच.

धावपट्टी विमानांसाठी असते, म्हणजे वळण असं काही नसतंच. पट्ट्या एकमेकींना मिळतात तिथे ड्रम आणि पेंढ्याचे गठ्ठे लावून वळण 'तयार' करायचं. लांबच लांब सरळ पट्टा, त्याच्या टोकाला एकदम काटकोन. त्यामुळे गाडीकडून दोनच गोष्टी हव्यात, शेवटच्या गिअरमधला वेग आणि तो वेग मारायला ब्रेक. मधल्या आरपीएमला जोर असला काय, नसला काय.

ब्रेकवर तेव्हा सगळ्यांचंच घोडं अडायचं. आरएक्स १००ला पुढे मागे १३० मिमीचे ड्रम. राजदूत ३५० म्हणजे मूळची यामाहा आरडी, पण भारतात आली ती पुढचा ड्रम घेऊनच. दोनतीन फेऱ्यांत ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब जातो आणि लिव्हर हँडलला टेकतो. उपाय सगळे जुनेच. लायनर ड्रमच्या गोलाईला घासून पूर्ण बसवायचा, पुढच्या कडेला उतार द्यायचा म्हणजे तो चावत नाही, आणि ब्रेक प्लेटला हवेसाठी भोकं पाडून आतून जाळी लावायची. जाळी विसरली की खडा आत जातो आणि चाक जाम.

मोजपट्टी
नुसतं बघून भागायचं नाही, मोजा. डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) क्रँकला लावा. टीडीसी (पिस्टन सर्वात वर असायची जागा) शोधताना पिस्टन सर्वात वर कधी दिसतो ते डोळ्याने ठरवू नका, वरच्या टोकाला तो जवळजवळ थांबलेलाच असतो. प्लगच्या भोकात पिस्टनला अडवणारा स्टॉपर बसवा, दोन्ही दिशांनी क्रँक टेकेपर्यंत फिरवा, दोन्ही आकड्यांचा मध्य म्हणजे टीडीसी. मग एक्झॉस्ट कुठे उघडतो आणि ट्रान्सफर कुठे उघडतो ते वाचा. पोर्टमागे बॅटरी धरली की फट उघडायचा क्षण नेमका पकडता येतो.

चेंबरची लांबी पिस्टनच्या तोंडापासून धरायची आणि मागच्या उलट्या शंकूच्या मध्यापर्यंत मोजायची. वळणावर दोरी मधल्या रेषेवरून जाऊ द्या. बाहेरच्या कडेने मोजलं तर दोनतीन सेंटिमीटर जास्त येतं आणि पुढचं सगळं गणित चुकतं.

घोडबंदरकर
मोजलं. एक्झॉस्ट टीडीसीनंतर ८५ अंशांवर उघडतो, ट्रान्सफर ११६ वर. चेंबर ७८० मिमी. हेडची स्क्विश फट (पिस्टनचा माथा आणि हेडची कडा यांतली) सोल्डरच्या तारेने २.४ मिमी आली. ब्युरेटने (मापाच्या काचेच्या नळीने) पिस्टनवरची जागा प्लगच्या आट्यांच्या वरच्या टोकापर्यंत भरली तर १४.२५ सीसी.

मोजपट्टी
झकास. आता बघा.

एक्झॉस्ट ८५ वर उघडतो म्हणजे एकूण १९० अंश उघडा राहतो. ट्रान्सफर १२८. उघडण्यातला फरक ३१ अंश. १०० सीसीच्या शर्यतीच्या इंजिनाला हे आकडे अगदी शोभतात. रस्त्यावरच्या इंजिनाचा एक्झॉस्ट १६०-१७०च्या आसपास असतो. ५० मिमीच्या स्ट्रोकला (पिस्टनची वरखाली धाव) पोर्ट १ मिमी वर नेला की दोन्ही बाजू मिळून जवळपास ५ अंश वाढतात. ट्रान्सफर न घासता वर गेलेत, कारण सगळं बॅरलच १.२ मिमीच्या प्लेटवर उचललंय. एक्झॉस्टला त्याहून जास्त हवं होतं, म्हणून तिथे कानस.

चेंबरचं गणित सोपं आहे. आतल्या गरम वायूत लहरीचा वेग सेकंदाला साधारण ५१८ मीटर धरतात. ती लहर जाऊन परत यायला जो वेळ लागतो तेवढ्यात पोर्ट बंद होत आला पाहिजे. त्यावरून ४३१८० गुणिले एक्झॉस्टचे अंश, भागिले लांबी मिमीमध्ये, की आरपीएम मिळतो. ४३१८० × १९० ÷ ७८० म्हणजे सुमारे १०,५००. मातीवरच्या गाडीला एक्झॉस्ट १८४ आणि जोर ८,५००ला हवा असेल तर तोच चेंबर ९३५ मिमी लागला असता. १५ सेंटिमीटरचा फरक. हा पाइप मातीसाठी कापलेला नाही.

स्क्विशचा आकडा मात्र बसत नाही. तार गजनपिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) रेषेत दोन्ही बाजूंना टाकली होती ना? पुढेमागे टाकली तर पिस्टन डुलतो आणि आकडा खोटा येतो.

घोडबंदरकर
हो, पिनच्याच रेषेत, दोन्ही बाजूंना सारखीच आली.

वागळे_लेथ
मग हेड नंतर बदललंय. बॅरल १.२ मिमीने उचलणारा माणूस हेड तेवढंच खाली घेतल्याशिवाय राहणार नाही, एवढं पोर्टचं काम येणाऱ्याला ते कळतंच. त्याचं हेड हरवलं किंवा फुटलं आणि कोणीतरी साधं हेड वर ठेवून दिलं. १४.२५ मधून प्लगच्या आट्यांची जागा पावणेदोन सीसी वजा करा, राहिले १२.५. इंजिन ९८.२ सीसीचं. म्हणजे कॉम्प्रेशन ८.९ला एक. असल्या पोर्टना हे फारच ढिलं आहे.

हेडचा १.४ मिमी फेस घेतलात (बसायचा सपाट भाग लेथवर कापलात) तर स्क्विश १.० मिमीवर येते. ५० मिमीच्या बोअरला (सिलिंडरचा आतला व्यास) १.४ मिमी म्हणजे पावणेतीन सीसी. उरतात ९.७५ आणि कॉम्प्रेशन ११ला एक. एका कामात दोन्ही आकडे जागेवर. १२ला एक करायचा मोह आवरा. हवेवर थंड होणारं इंजिन, ठाण्यातला मे महिना आणि स्टँडवर उभी गाडी, समोरून वारा नाही.

ठोकळेबाज
बरं, पण मागचं स्प्रॉकेट ६ दात मोठं कशाला? धावपट्टीवर असं कोणी लावेल का? सगळा वेगच गेला की.

धुरकट
रास्त शंका. पुढचा एक दात कमी केला की मागचे अडीचतीन वाढवल्यासारखं होतं, म्हणजे ६ दात ही काही बारीकसारीक जुळवाजुळव नाही. माझ्या मते इंजिनाचं दुसरं आयुष्य मातीवर गेलं. १०,५००चा पाइप लावलेली गाडी मातीवर ८,०००च्या खाली मेल्यासारखी होते, आणि गिअर चारच. पाइप नवा करण्यापेक्षा स्प्रॉकेट बदलणं स्वस्त. हेडही तेव्हाच बदललं असावं.

पण एक सावधगिरी. १०,५००चा पाइप शोलावरमचाच असं सिद्ध होत नाही. आरएक्स १०० आली १९८५च्या शेवटी, म्हणजे धावपट्टीचे शेवटचे काही हंगाम. इरुंगट्टुकोट्टईलाही लांब सरळ पट्टा आहेच. इंजिन लांब पट्ट्यावर पळणारं होतं, इतपत म्हणा.

मुरूममाती
मातीवर पळालं असेल तर खूण सापडेल. रीड ब्लॉकच्या (इनलेटच्या पात्यांच्या झडपेचा ठोकळा) आतल्या कोपऱ्यात आणि क्रँककेसच्या तळाशी तेलात कालवलेली मऊ धूळ बसते, बोटाला वाळू लागत नाही पण नखाने खरवडली की निघते. पिस्टनचा इनलेटकडचा स्कर्ट (खालचा भाग) राखाडी, मखमली घासल्यासारखा दिसेल. धूळ आत गेली की पहिली तिथेच लागते.

मातीच्या गाडीचं अर्धं काम फिल्टरवर असतं. फोम रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत पूर्ण वाळवायचा. पेट्रोलमध्ये धुतला की जोडाचा डिंक सुटतो. नंतर फिल्टरचं तेल नाहीतर टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) लावून पिळायचा, पिळताना पिरगळायचा नाही. ज्या कडेवर तो बसतो तिथे ग्रीसचा पातळ थर. हा थर चुकला तर सगळी धूळ कडेनेच आत जाते. चेन मातीत घट्ट ठेवायची नाही. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिन आणि मागचा आस एका रेषेत येईपर्यंत मागची गाडी दाबा, चेन तिथे सर्वात ताणलेली असते, तिथेही थोडी सैल हवी.

ट्रॅकबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. मुरूम दोन थरांत टाकायचा, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबायचा. टँकर आदल्या संध्याकाळी फिरवायचा म्हणजे पाणी रात्रभर मुरतं. शर्यतीआधी अर्धा तास पाणी मारलं की वरचा बोटभर थर शेणासारखा होतो आणि खाली कोरडंच. पहिल्याच वळणावर सगळे आडवे. वळणांच्या बाहेरच्या बाजूला टायर एकमेकांना बांधून लावायचे. सुटे ठेवलेले टायर उडतात आणि मागून येणाऱ्याच्या पुढ्यात येतात.

जावाप्रेमी
सगळे यामाहाचेच गोडवे गातायत. येझदी, जावाही याच मातीत पळाल्यात.

मोजपट्टी
पळाल्यात ना. पण जावाचा बोअर ६५, स्ट्रोक ७५. ६,५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६ मीटरच्या वर जातो. राजदूत ३५०चा स्ट्रोक ५४, ती तेवढाच वेग ९,०००ला गाठते. ही आरएक्स १०,५००ला साडेसतरा. जावाला ओढ खालून मिळते, वर ओरडायला लावलं की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडच्या लहान टोकाचं बेअरिंग तक्रार करतात. शिवाय इनलेट पिस्टननेच उघडतो. स्कर्ट कापून तो जास्त वेळ उघडा ठेवला की कमी आरपीएमला मिश्रण कार्बोरेटरमधून उलटं बाहेर थुंकतं. मातीवर जावा, पट्ट्यावर यामाहा, असं सरसकट म्हणायला हरकत नाही.

फियाटवाला_कुर्ला
चारचाकीचं कोणी काढलंच नाही! प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याची, आपल्या दाराशी बनलेली.

धुरकट
पद्मिनी घ्या. १०८९ सीसी, ६८ × ७५, मागच्या चाकांना ओढ, क्रँकला मेन बेअरिंग तीनच. आरपीएम चढवले की क्रँक मधे लवते, म्हणून वरचा आरपीएम आधी ठरवा, मग कॅमशाफ्ट निवडा. लांब वळणावर इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमधलं तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग खडखडायला लागतं. त्या चेंबरमध्ये पंपाच्या पिकअपभोवती पत्र्याचे आडोसे घालणं हे पहिलं काम, कार्बोरेटर वगैरे सगळं नंतर. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा सुटताना पिळतात आणि अख्खा धुरा थडथडतो. धुऱ्यापासून चॅसिसपर्यंत गाडीच्या लांबीच्या दिशेने एक दांडा द्यावा लागतो.

मारुती ८००चं गणित वेगळं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एकाला २६५. मूळ कॉम्प्रेशन ८.७ म्हणजे वरची जागा ३४.५ सीसी. १०ला एक हवं असेल तर २९.५, म्हणजे ५ सीसी कमी करायची. लोक हेडचा फेस घेऊन मोकळे होतात. पण कॅमशाफ्ट हेडमध्ये आहे. हेड खाली आलं की बेल्टमुळे कॅम मागे पडतो, वरचा जोर येतो पण खालचा जातो, आणि मेकॅनिक जेट बदलत बसतो. कॅमच्या पुलीला लांबट भोकं करून टाइमिंग परत डिग्री व्हीलवर लावायचं. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी याच इंजिनावर एकआसनी गाड्या उभ्या केल्या. तिथला करी स्पीडवे त्यांच्याच नावाचा.

वाचनमात्र
वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). जुहूच्या विमानतळावरही शर्यती व्हायच्या ना? आणि तेलाचं कोणी लिहा, त्या एरंडेलाच्या वासाचं.

धुरकट
जुहूला व्हायच्या. तेही धावपट्टीचंच घराणं, वर ब्रेकचं लिहिलंय ते सगळं तिथेही लागू.

एरंडेल म्हणजे कॅस्ट्रॉल आर आणि त्याचे भाऊबंद. २०ला १, लिटरमागे ५० मिली. घोडबंदरकर, इंजिन जुन्या पद्धतीनेच ठेवायचं असेल तर एरंडेलच घाला. तो वास नसेल तर मग कशाला सुरू करायचं?

वागळे_लेथ
सपशेल विरोध. एरंडेल तापलेल्या धातूला चिकटून राहतं हे खरं, पण जळाल्यावर लाखेसारखा थर धरतं. पूर्वी शर्यत झाली की इंजिन उघडून रिंगांचे खाचे साफ करायचे. हे इंजिन महिनोन्‌महिने बंद राहणार, रिंगा चिकटून बसतील. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं, ठाण्याचा पावसाळा सांगायला नको. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट तळाला वेगळं बसतं, आणि फ्लोट बाऊलमध्ये तळालाच मेन जेट. सिंथेटिक एस्टर तेल वापरा, ३०ला १ पुरे, आणि दर वेळी बाऊल रिकामा करून ठेवा. जेट जुन्या पेट्रोलच्या हिशोबाचा असेल तर इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, एकदोन आकडे मोठा जेट लावून प्लग वाचा, म्हणजे त्याचा रंग बघा.

धुरकट
बरं, एरंडेल मागे घेतो. अर्धं मागे घेतो.

पामबीच_रायडर
तयार झाल्यावर रात्री पाम बीचवर एक राउंड होऊन जाऊ द्या. सरळ पट्टा तिथेच आहे, नवी मुंबईची धावपट्टी!

मुरूममाती
तिथे पेंढ्याचे गठ्ठे नाहीत, रस्ता ओलांडणारी माणसं आहेत. मोकळ्या चेंबरची गाडी रस्त्यावर आणणं बेकायदाही आहे. पळवायचीच असेल तर मद्रास किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर टेम्पोत घालून न्या.

मोजपट्टी
घोडबंदरकर, हेडला हात लावण्याआधी तळाचा भाग तपासा. क्रँक व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे) फिरवून डायल लावा, डोलणं ०.०३ मिमीच्या आत हवं. १०,५००ला पळालेल्या क्रँकची दाबून बसवलेली पिन सरकलेली असू शकते. काही जण पिनच्या टोकांना वेल्डिंगचा टाका मारत, तो आहे का बघा. असेल तर काम जाणकाराचं आहे.

मग दाबाची चाचणी. इनलेटला रबरी बूच, एक्झॉस्टला प्लेट आणि पॅकिंग, आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा डायलसकट जोडा. २५०च्या आसपास नेऊन पाच मिनिटं थांबा, डायल जागचा हलता कामा नये. त्याहून जास्त भरू नका, सील उलटेल. उतरला तर साबणाचं पाणी लावा. या इंजिनात त्या प्लेटच्या दोन्ही कागदांवर पहिला संशय घ्या. तिथून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ, आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने धरतो, म्हणजे जाम होतो. पिस्टनवर चार कोपऱ्यांत खुणा दिसल्या तर मात्र दोष फटीचा, गार इंजिन एकदम ताणलेलं असतं. नवा बोअर केलात तर पिस्टनला ०.०५ मिमी फट ठेवा, कंपनीच्या फटीवर हे इंजिन टिकणार नाही. टाइमिंग टीडीसीच्या आधी २ मिमी, म्हणजे साधारण २० अंश.

घोडबंदरकर
पाच मिनिटांत २५० वरून २१०. प्लेटच्या खालच्या कागदातून बुडबुडे येतायत. रीड ब्लॉकमध्ये मऊ धूळ आहे, मुरूममाती ताई म्हणाल्या तशीच. क्रँक ०.०२.

आता दोन प्रश्न. पोर्टची तिरकी कड सरळ करू का? आणि हेडचा फेस नुसता घेऊन चालेल ना?

मोजपट्टी
कड सरळ करायची तर उजवी बाजू वर न्यावी लागेल, म्हणजे पोर्ट आणखी मोठा होईल. डावी बाजू काही खाली येणार नाही. आहे तशी ठेवा. फक्त वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या मिमीचा गोल उतार आहे का ते बोट फिरवून बघा. नसेल तर रिंग अडकते. पोर्टची रुंदी बोअरच्या ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३५ मिमीपर्यंत ठीक. त्यापुढे रिंग पोर्टमध्ये फुगते. प्लेटचे कागद काढून टाका, प्लेट काचेवर पॉलिश पेपरने सपाट करा आणि पातळ सिलिकॉन लावा. कागद गेल्याने बॅरल थोडं खाली बसेल, तेव्हा स्क्विश पुन्हा मोजल्याशिवाय हेड कापू नका.

वागळे_लेथ
नुसता फेस घेऊन चालणार नाही. हेड आतून घुमटासारखं आहे, फेस घेतला की तोंडाचा व्यास कमी होतो आणि कडा बोअरच्या आत येते. पिस्टन तिच्यावर आपटेल. फेस झाल्यावर त्याच पकडीत स्क्विशचा पट्टा पुन्हा कापा, व्यास ५०.५ ठेवा, उतार पिस्टनच्या माथ्याइतकाच. पट्टा कापताना जागा परत वाढते, म्हणून ब्युरेट पुन्हा लावा.

आणि हेड थेट चकमध्ये धरू देऊ नका, पंख तुटतात. सळईवर १४ मिमी, १.२५ पिचचे आटे पाडून मॅन्ड्रेल करा, प्लगच्या भोकात बसवा आणि ती चकमध्ये धरा. आट्यांच्या मागे खांदा सपाट कापलेला हवा, नाहीतर हेड डुलतं आणि फेस तिरका निघतो. काप पाव मिमीहून जास्त घ्यायचा नाही, शेवटचा दहाव्या हिश्शाचा, रॉकेल सोडत.